संप, रेफ्युजियम आणि गेलेली लाइट
(टी.ई. मेकॅनिकल)

संप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एसटीचा संप येतो, फार तर सोसायटीच्या आवारातली जमिनीखालची पाण्याची टाकी. हा लेख तिसऱ्या संपाबद्दल आहे. खाऱ्या पाण्याच्या फिश टँकखाली, स्टँडच्या कपाटात, एक दुसरी काचेची टाकी लपवलेली असते. वरच्या टाकीतलं पाणी गुरुत्वाकर्षणाने तिच्यात उतरतं, तिथे साफ होतं आणि पंपाने परत वर जातं. या खालच्या टाकीला संप म्हणतात. तिच्याच एका कप्प्यात शेवाळ वाढवलं की तो कप्पा झाला रेफ्युजियम. उंच इमारतींत आगीच्या वेळी थांबायला 'रेफ्यूज एरिया' असतो ना, त्याच शब्दाचा हा भाऊ. मासे ज्यांना एका घासात गट्ट करतात असे कोपेपॉड, अ‍ॅम्फिपॉड वगैरे बारीक जीव तिथे बिनधास्त वाढतात, आणि त्यातले काही पंपातून वर जाऊन माशांचा ताजा नाश्ता होतात!

आता तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? आमच्याकडे गप्पी मासे बरणीतसुद्धा जगतात. बरोबर आहे, पण समुद्राच्या माशांचं तसं नाही. एक तर खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. २८ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ७.८ मिलिग्रॅम मावतो, तर समुद्राच्या पाण्यात ६.४ च्या आसपास. दुसरं म्हणजे माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन विषारी, तिसरं त्या मानाने सौम्य, पण साठत जातं. गोड्या पाण्यात आपण सरळ निम्मं पाणी बदलतो. खाऱ्या पाण्यात प्रत्येक लिटरमागे पस्तीस ग्रॅम समुद्री मीठ मोजून घालावं लागतं, आणि ते मीठ फुकट येत नाही. (स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही. त्यात फक्त सोडियम क्लोराइड. मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम कुठून आणणार?)

निसर्गाकडूनच सफाई करून घ्यायची कल्पना जुनी आहे. जकार्तातल्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये जिवंत प्रवाळखडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर चालणाऱ्या टाक्यांबद्दल लिहिलं होतं. पुढे अमेरिकेत स्मिथसोनियन संस्थेच्या वॉल्टर अ‍ॅडे यांनी शेवाळाकडून पाणी साफ करून घेण्यावर पुष्कळ काम केलं. आपलं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर सुरू झालं, तेव्हा समुद्र अक्षरशः दाराशी होता. आपल्यासारख्या देशावरच्या माणसाने समुद्र आणायचा कुठून? म्हणून संप.

असो. मुद्द्यावर येतो. संपाची चित्रं कुठेही बघा, सगळी पंप चालू असतानाची असतात. पाणी या कप्प्यातून त्या कप्प्यात, निळे बाण, छान हिरवं शेवाळ. पण संपाचा आकार ठरतो तो पंप बंद पडल्यावर काय होतं यावरून. आपल्याकडे लाइट जाते, हे डिझाइनचं पहिलं वाक्य समजायचं. लाइट गेली की वरचं जादा पाणी खाली येतं, आणि ते मावलं नाही तर फरशीवर येतं. तेही खारं. आमच्या घरी आईने परवानगी देताना एकच अट घातली होती : "खालच्या काकूंची बेल वाजता कामा नये." मी ती अट डिझाइन क्रायटेरियन म्हणून वहीत पहिल्या पानावर लिहिली.

आता आकडे. वरची टाकी १२० सें.मी. लांब, ४५ रुंद, ४५ उंच. म्हणजे तळाचं क्षेत्रफळ ५४०० चौ. सें.मी., आणि पाण्याची पातळी एक सेंटिमीटर उतरली की ५.४ लिटर खाली. हा ५.४ पाठ करून ठेवा, सगळं गणित त्याच्यावर आहे. चालू स्थितीत पाणी ४१ सें.मी. पर्यंत, म्हणजे काठाखाली ४ सें.मी. मोकळे. कोपऱ्यात काचेचा एक उभा कप्पा, त्याच्या वरच्या कडेला कंगव्यासारखे दाते. पाणी त्या दात्यांमधून आत पडतं आणि तळाच्या भोकातून पाइपने संपात जातं. हा म्हणजे आपला लॅबमधला वेअर!

प्रवाह किती ठेवायचा? मी ताशी १२०० लिटर धरला, म्हणजे वरच्या टाकीतलं पाणी तासाला साधारण पाच वेळा फिरतं. वेअरची लांबी ३० सें.मी., त्यातली निम्मी दात्यांनी अडवलेली, म्हणून १५ धरायची. फ्रान्सिसच्या सूत्रात (क्यू बरोबर १.८४ गुणिले लांबी गुणिले हेडचा दीड घात) टाकलं तर वेअरच्या कडेवर पाण्याची जाडी येते सुमारे ११ मिलिमीटर. सेकंड इयरला हे सूत्र व्हायवापुरतं घोकलं होतं. ते घरात उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं!

आता लाइट घालवा. पंप थांबला. वेअरच्या वरचं ११ मिलिमीटर पाणी तर उतरणारच. पण खरी गोम पंपाच्या पाइपची आहे. त्याचं तोंड वरच्या टाकीत पाण्याखाली असतं. पंप थांबताच तो पाइप सायफन बनतो आणि त्याच्या तोंडाशी हवा लागेपर्यंत टाकी उपसत राहतो. तोंड पातळीखाली ४ सें.मी. असेल तर ४ गुणिले ५.४, म्हणजे २१.६ लिटर. पाइपांतलं आणि कोपऱ्यातल्या कप्प्यातलं पाणी तीनेक लिटर. एकूण पंचवीस. आणि हेच तोंड कुणी 'खाली जरा प्रवाह चांगला मिळेल' म्हणून १० सें.मी. खोल ठेवलं तर? ५४ अधिक ३, सत्तावन्न लिटर. सहा सेंटिमीटर पाइप इकडचा तिकडे, आणि फरक बत्तीस लिटरचा.

यावर दोन उपाय सुचवले जातात. पाइपमध्ये नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, किंवा पाण्याच्या पातळीलगत पाइपला ३ मि.मी.चं भोक पाडा, म्हणजे हवा आत शिरून सायफन तुटेल. दोन्ही खुशाल करा, मी भोक पाडलंय. पण गणितात दोन्ही धरू नका. व्हॉल्व्हच्या झडपेवर चुन्यासारखा थर बसतो, भोकात शेवाळ वाढतं, कधी एखादी गोगलगाय नेमकी तिथेच मुक्काम करते. ज्या भागाने बिघडायची शक्यता आहे तो नाहीच असं समजून संप मोजायचा.

संपासाठी स्टँडखाली जागा मिळाली ९० बाय ३५, उंची ४०. तळ ३१५० चौ. सें.मी., म्हणजे सेंटिमीटरला ३.१५ लिटर. डावीकडून पहिला कप्पा ३० सें.मी.चा, वरचं पाणी इथे उतरतं आणि प्रोटीन स्किमर इथेच बसतो. मग ६ सें.मी.मध्ये बुडबुडे अडवणाऱ्या तीन काचा. मग पंपाचा कप्पा २४ सें.मी. उजवीकडे रेफ्युजियम, पुन्हा ३०. म्हणजे पंप मधोमध, आणि दोन्ही बाजूंनी पाणी त्याच्याकडे येतं. (काचांची जाडी सोपेपणासाठी सोडून दिली आहे, सरांनी माफ करावं.)

रेफ्युजियम असं बाजूला का? ओळीत ठेवलं असतं तर बाराशेच्या बाराशे लिटर त्याच्यातून जाणार, आणि शेवाळाचा गुंता, वाळू, बारीक जीव सगळ्यांना रोज पूर! बाजूला ठेवलं की पंपाच्या पाइपला एक टी काढून, बॉल व्हॉल्व्ह लावून, हवं तेवढंच पाणी देता येतं. तोटा एकच, हा व्हॉल्व्ह अधूनमधून उघडझाप करून साफ ठेवावा लागतो. पंप निवडताना हे पाणी बाराशेच्या वर धरायचं.

पहिला कप्पा आणि रेफ्युजियम या दोघांच्या कडेच्या काचा २३ सें.मी. उंच. पंपाच्या कप्प्यात पातळी २१. दोनच सेंटिमीटरचा फरक मुद्दाम ठेवला आहे. जास्त उंचीवरून पाणी पडलं तर पुन्हा बुडबुडे होतात, आणि मग त्या तीन काचांची मेहनत वाया. लाइट गेल्यावर येणारे पंचवीस लिटर आधी पंपाचा कप्पा भरतात आणि मग सगळ्या संपात मिळून पाणी चढतं, ते तीस-एकतीस सें.मी.वर थांबतं. काठ चाळीसला. निवांत! तोच हिशोब सत्तावन्न लिटरचा करा. २१ पासून काठापर्यंत सगळं मिळून मावतात सुमारे पंचावन्न. म्हणजे दोन-तीन लिटर थेट फरशीवर, आणि काकूंची बेल.

उलटा अपघातही बघायला हवा. वरच्या भोकात पान, गोगलगाय, मेलेला मासा काहीही अडकलं आणि पाणी खाली यायचं थांबलं तर पंप बिचारा खालचं पाणी वर ढकलतच राहणार. किती ढकलेल? त्याच्या कप्प्यात आहे तेवढंच. त्याचं तोंड तळापासून ४ सें.मी.वर असेल तर साधारण १४ लिटर, अधिक दोन्ही बाजूंच्या काचांवरचा पातळ थर, मिळून पंधरा-सोळा. वर ते पसरलं की पातळी ३ सें.मी. चढते. काठाखाली ४ ठेवले होते ते यासाठी. म्हणून पंपाचा कप्पा मुद्दाम लहान ठेवायचा असतो, मोठा केला तर वरून पूर येतो.

पण लहान कप्प्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. बाष्पीभवनाची सगळी घट याच कप्प्यात दिसते, कारण बाकीच्या कप्प्यांची पातळी काचांनी बांधलेली आहे. दिवसाला तीन लिटर उडाले तर इथे साडेतीन सें.मी. पाणी उतरतं. दोन दिवस गावाला गेलात तर कप्पा एक तृतीयांश रिकामा. मीठ उडत नाही, म्हणून भर घालायची ती बिनमिठाच्या आरओच्या पाण्याची. मी कूलरमधला साधा फ्लोट व्हॉल्व्ह लावला आणि त्याला जोडला दहा लिटरचा कॅन. थेट घरच्या नळाला जोडायचा मोह टाळा. फ्लोट अडकला तर कॅनमधून जास्तीत जास्त दहा लिटर जातील, अडीचशे लिटरच्या टाकीत क्षारता ३५ वरून ३३.७ होईल. मासे तेवढं सोसतात. नळाला मात्र शेवट नसतो.

हे उडून जाणारं पाणी काही निव्वळ त्रास नाही. एक लिटर पाणी उडताना साधारण २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. दिवसाला तीन लिटर म्हणजे सरासरी ८४ वॉटचं फुकटचं कूलिंग! पाण्यातला पंप खातो ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन पाण्यातच राहते, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये संपावर कॉम्प्युटरचा एक छोटा पंखा सोडला की बराच फरक पडतो. कोकणात किंवा जूनमध्ये हाच पंखा कुचकामी, कारण हवेतच इतकी वाफ असते.

पंप घेताना डब्यावरचे दोन आकडे वाचून फसू नका. 'ताशी ३००० लिटर' आणि 'हेड ३ मीटर' हे दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत. ३ मीटरला प्रवाह शून्य, आणि ३००० लिटर हे शून्य हेडला. आपली चढण सव्वा मीटर, वर एल्बो आणि टी यांचं घर्षण धरा, दीड मीटर झालं. पंपाचा आलेख आणि पाइपलाइनचा आलेख जिथे छेदतात तिथे काम चालणार, म्हणजे साधारण निम्म्याच्या आसपास. खात्री करायला दहा लिटरची बादली आणि मोबाइलचं स्टॉपवॉच. तीस सेकंदांत बादली भरली की ताशी बाराशे. इतकं सोपं प्रॅक्टिकल चार सेमिस्टरमध्ये आमच्या वाट्याला आलं नाही.

बुडबुड्यांच्या काचा : पहिली तळाला चिकटलेली, दुसरी तळापासून ३ सें.मी. वर, तिसरी पुन्हा चिकटलेली. पाणी पहिलीवरून, दुसरीखालून, तिसरीवरून जातं. फट ३ सें.मी., रुंदी ३५, म्हणजे १०५ चौ. सें.मी.मधून सेकंदाला ३३३ घ.सें.मी. पाणी, वेग ३.२ सें.मी. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा मोठे बुडबुडे या उतरत्या प्रवाहाला हरवून वर निसटतात. फट निम्मी केली तर वेग दुप्पट होतो आणि बुडबुडे पाण्याबरोबर खाली ओढले जाऊन वरच्या टाकीत दुधाळ धूर दिसतो. जागा वाचवायची तर इथे वाचवू नका.

काच ६ मि.मी.ची. पाण्याचा दाब उंचीवर अवलंबून असतो, टाकी किती लांब यावर नाही, त्यामुळे ४० सें.मी.ला तळाशी दाब फक्त ४ किलोपास्कल. तरी पूर्ण भरलेल्या संपाच्या लांब भिंतीवर एकूण जोर ७० किलोच्या वर जातो, म्हणजे एक माणूस सतत काचेला रेलून उभा! सिलिकॉन विनेगरचा वास येणारं, पण बुरशीनाशक घातलेलं नको. बाथरूमसाठीच्या ट्यूबवर तसं लिहिलेलं असतं. चिकटवल्यावर आठवडाभर हात लावायचा नाही. पाइप पीव्हीसीचे, टाकीच्या भोकात प्लंबरच्या दुकानातलं प्लॅस्टिकचं टँक निपल. पितळी काहीही नको, तांबं कोळंबी-शिंपल्यांना मारतं. भोक टाकी बांधायच्या आधीच काचवाल्याकडून पाडून घ्यायचं, आणि ती काच टफन केलेली असेल तर पाडताच येत नाही, चुरा होतो. भोक टाळायला काठावरून लटकवायचे सायफनचे डबे मिळतात. मला ते पटत नाहीत. लाइट गेल्यावर त्यांच्यात हवा शिरली तर लाइट आल्यावर पंप चालू होतो आणि सायफन नाही. पुढचं सांगायला नको.

आता थोडं रेफ्युजियमविषयी, कारण शोभेचा कप्पा म्हणून सोडून द्यायची ती गोष्ट नव्हे. तळाशी वाळू, वर चीटोमॉर्फा, म्हणजे हिरव्या नायलॉनच्या घासणीसारखं दिसणारं शेवाळ. दिवा रात्री लावायचा. वरच्या टाकीचे दिवे बंद झाले की तिथे कार्बन डायऑक्साइड वाढून पीएच उतरतो. त्याच वेळी खालचं शेवाळ तो वायू खात असेल तर उतार कमी होतो. पण शेवाळ आहे म्हणून पाणी साफ होत नाही, शेवाळ बाहेर काढल्यावर होतं. ढोबळ हिशोब असा : अर्धा किलो ओलं शेवाळ पिळून काढलं, त्यात दहा टक्के कोरडा भाग धरला, त्यातला दोन टक्के नायट्रोजन, म्हणजे एक ग्रॅम. एक ग्रॅम नायट्रोजन म्हणजे ४.४ ग्रॅम नायट्रेट. अडीचशे लिटरमध्ये हे लिटरला जवळपास १८ मिलिग्रॅम झालं! दर वेळी काढलेलं शेवाळ तोलून तारीखवार लिहून ठेवलं की टाकीत खाणं जास्त पडतंय का हे कळतं.

कॉलेर्पा नावाचं शेवाळ दिसायला जास्त सुंदर, पण मी ठेवणार नाही. ते कधीकधी एका रात्रीत बीजं सोडून स्वतः कोसळतं, पाणी दुधाळ होतं आणि शोषलेलं सगळं परत पाण्यात येतं. शिवाय त्याची एक जात १९८४ मध्ये मोनाकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात सापडली आणि तिथून भूमध्य समुद्रात हजारो एकर पसरली. काढलेलं शेवाळ कोणतंही असो, उन्हात वाळवून झाडांना घाला (आधी मीठ धुऊन), पण अलिबाग-मालवणला फिरायला जाताना समुद्रात सोडू नका.

सगळं जोडून झाल्यावर मी आधी साधं नळाचं पाणी भरलं आणि बाबांना म्हटलं, "मेन स्विच बंद करा." ते म्हणाले, "अरे, मॅच चालू आहे!" ओव्हर संपल्यावर त्यांनी केला. पाणी साडेतीस सें.मी.वर थांबलं. मग पुन्हा चालू. असं दहा वेळा, आणि प्रत्येक वेळी संपाच्या काचेवर मार्करने रेघ. त्यातली चालू पातळीची रेघ 'यापेक्षा जास्त भरू नये' म्हणून लाल रंगात कायम ठेवली आहे, कारण घरातल्या कुणी प्रेमाने एक बादली जास्त ओतली की सगळं वरचं गणित कोलमडतं. वायर प्लगपाशी येण्याआधी खाली झोळ देऊन आणायची, म्हणजे ओघळलेला थेंब तिथून खाली पडतो, प्लगमध्ये जात नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. खारं पाणी विजेला फार आवडतं.

पूर टळला तरी लाइट लांबली तर मासे गुदमरतात, हा दुसरा प्रश्न. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई-ठाण्यात सकाळी एकदम वीज गेली आणि काही भागांत ती यायला बरेच तास लागले. त्याच वर्षी ३ जूनच्या निसर्ग वादळानंतर रायगडातल्या कित्येक गावांत तर अनेक दिवस अंधार होता. घरच्या १५० अँपिअर-अवर इन्व्हर्टर बॅटरीत १८०० वॉट-अवर असतात. अर्धेच वापरायचे धरले आणि इन्व्हर्टरमधलं नुकसान वजा केलं तर ४० वॉटचा पंप अठरा तास चालतो, पण तोपर्यंत घरचे पंख्यावाचून तुम्हाला जेवायला देणार नाहीत. त्यापेक्षा वरच्या टाकीत पाणी हलवणारा पाच-सात वॉटचा छोटा पंखा इन्व्हर्टरवर ठेवावा. संप काही तास थांबला तरी चालतो, पाण्याचा पृष्ठभाग हलता राहिला पाहिजे. लाइट आल्यावर स्किमर मात्र दहा मिनिटं उशिरा चालू करा. तेव्हा त्याच्या कप्प्यात पाणी नेहमीपेक्षा वर असतं, आणि तो साठवलेली सगळी घाण फेसाबरोबर परत संपात ओततो.

नंतर मीठ, आणि मग वाट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत महिना-दीड महिना टाकी रिकामीच दिसते. खडक म्हणून कोरडे किंवा सिरॅमिकचे तुकडे वापरा. आपल्याकडे २००१ पासून खडक बांधणारी प्रवाळं आणि समुद्री घोडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल वनमध्ये आहेत, दुकानदार 'चालतं हो' म्हणाला तरी चालत नाही. पहिला मासा क्लाउनफिश घ्यावा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या पैदाशीचं तंत्र आपल्याच देशात बसवलं आहे, त्यामुळे समुद्रातून न पकडलेली जोडी मागून घेता येते. आमच्याकडची जोडी आल्या दिवशी वेअरच्या दात्यांपाशी जाऊन झोपली, म्हणून मी आता त्यावर प्लॅस्टिकची जाळी लावली आहे.